पणजीजवळ भाड्याने घर शोधतोय, बारा महिने राहायला : जाणकारांनी मदत करा

वाडीकर

नमस्कार मंडळी. मी सावंतवाडीचा. १ जूनला पणजीत पाटोवरच्या एका कार्यालयात रुजू व्हायचं आहे. घरात चौघं: मी, बायको, यंदा पहिलीत जाणारी मुलगी आणि आई. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर नको. बजेट १८,०००. ओढूनताणून २०,०००.

गेले तीन रविवार पहाटेची बस धरून येतोय. आतापर्यंत अकरा घरं बघून झाली. त्यातल्या तीन घरांविषयी लिहितो, म्हणजे माझी अडचण कळेल.

करंजाळ्याला एक फ्लॅट मनासारखा होता. भाडंही जमत होतं. बोलणं संपता संपता मालक म्हणाले, "सप्टेंबर अखेरीस मात्र खाली करायचा. ऑक्टोबरपासून आम्ही पाहुण्यांना दिवसावर देतो." मी म्हटलं, मुलीची शाळा आहे, मध्येच कुठे जाऊ? त्यांनी खांदे उडवले.

मिरामारला दुसऱ्या घराच्या वेळी तेच, फक्त मुदत नाताळपर्यंतची.

तिसरं मळ्यातलं. जुनं, कौलारू, पुढे बसायला सोपा (ओसरी). ओरें खाडीवरचा पूल ओलांडला की पाटो, म्हणजे मी चालत जाऊ शकलो असतो. आईला फार आवडलं. पण आतल्या खोलीच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक रेघ दिसली. खाली रंग वेगळा, वर वेगळा. विचारलं तर म्हणाले, "ते पावसाचं, काही नाही."

सीझनपुरतं नव्हे तर बारा महिन्यांसाठी घर कसं मिळवायचं? आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात बघितलेलं घर जुलैत कसं असेल हे आधी ओळखता येतं का? कृपया अनुभवातून सांगा.

आबोली

वाडीकर, स्वागत. मी मेरशीला नऊ वर्षं भाड्याने राहते, या काळात तीन घरं झाली.

आधी दिशा ठरवा. तुमचं काम शहराच्या पूर्व टोकाला आहे आणि घरं तुम्ही पश्चिम टोकाला बघताय. मिरामार, करंजाळे, दोनापावला हा समुद्राकडचा भाग, तिथे पाहुण्यांचा ओघ आहे म्हणून मालकांचे हिशेबही दिवसाचे. मळा, भाटले, रायबंदर, चिंबल, मेरशी, सांताक्रूझ या बाजूला बघा. इथे माणसं राहायला येतात, सुट्टीला नाही. शिवाय मेरशी-सांताक्रूझहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं. आईंसाठी ते महत्त्वाचं.

पर्वरीला घरं पुष्कळ आहेत, पण रोज मांडवी ओलांडावी लागेल. अटल सेतू २०१९ ला झाला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं, आता पर्वरीतच उन्नत मार्गाचं काम आहे. तुमच्याकडे दुचाकी आहे का? नसेल तर बसचा विचार आधी करा. दिवसा खासगी मिनीबस हात दाखवला की थांबते, रात्री आठनंतर मात्र आतल्या वाड्यांकडे जाणारी गाडी मिळेलच असं नाही. मग पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला पायलट हाच आधार, आणि आईंना त्यावर बसवता येणार नाही.

मळ्यातल्या रेघेबद्दल तुम्हाला वाटलं ते खरं आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की मळा आणि अठरा जून रस्ता पाण्याखाली जातो. मळ्यात घर घ्यायचंच तर रस्त्यापेक्षा चार पायऱ्या उंच जोतं असलेलं घ्या.

निशिगंध

मी नर्स आहे, बांबोळीला. बदल्या, लग्न, बाळंतपण मिळून सहा घरं बदलली. पावसाची परीक्षा उन्हाळ्यात घेता येते. घेतेच मी.

घरात शिरलात की पहिल्यांदा दारं-खिडक्या कोणाला उघडू देऊ नका. बंद घराचा वास घ्या. कुबट वास रंगाने जात नाही. मग भिंतीतल्या कपाटाची दारं उघडून आतले वरचे कोपरे बघा. मालक भिंत रंगवतो, कपाटाच्या आत कोणी ब्रश घालत नाही. काळे ठिपके असतील तर तुमचे कपडे, मुलीची पुस्तकं, आईची औषधं सगळं ऑगस्टपर्यंत बुरशीने भरणार.

नंतर नैऋत्य कुठली ते विचारा. आपल्याकडे पाऊस त्याच अंगाने झोडपतो. त्या बाजूच्या भिंतीवर छज्जा किंवा पत्रा आहे का? जुन्या घरांना पूर्वी मे संपता संपता त्या बाजूने माडाची चुडतां (विणलेल्या झावळ्या) बांधायचे, झड आत येऊ नये म्हणून. आता निळं प्लास्टिक बांधतात. भिंतीत चुडतां बांधायच्या खुंट्या किंवा प्लास्टिकचे खिळे दिसले तर समजा की भिंत पाणी घेते. चार भिंतींपैकी एकीलाच नवा रंग असेल तर तिला हात लावून बघा, आणि तिच्यावरच विजेचा बोर्ड असेल तर घर सोडा. मागच्या घरात जुलैत मला त्या बोर्डाचा झटका बसला होता, कडेवर बाळ होतं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

दारांच्या खालच्या कडा बघा, फुगून तासलेल्या असतील. न्हाणीघराचं दार लागतं का ते स्वतः लावून बघा.

सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर जा. नुसता स्लॅब आणि वर पत्र्याचं छप्पर नसेल तर तीन महिने बादल्या लावायची तयारी ठेवा. कौलारू असेल तर शाकारणी शेवटची कधी झाली, यंदाची कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या. मे महिन्यात कौलं परतणारा माणूस मिळता मिळत नाही. "बघू" म्हणणाऱ्या मालकाच्या घरात जूनमध्ये तुम्हीच कौलं मोजत बसाल.

आणि शेजारी. घर बघून झालं की खाली उतरा आणि एकट्याने शेजारच्या बाईंना विचारा, "पावसात कसं असतं हो इथे?" मला आजवर कोणी खोटं सांगितलेलं नाही.

पर्वरी_२१

पाण्याचंही विचारा. तिसवाडीला, म्हणजे पणजीच्या तालुक्याला, पाणी ओपाहून येतं, खांडेपार नदीवरून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली तेव्हा भर पावसाळ्यात पणजीत कित्येक दिवस नळ कोरडे होते. म्हणून इमारतीला खाली भूमिगत टाकी आहे की नुसती गच्चीवर, नळ किती वाजता येतो, टँकर मागवला तर पैसे सोसायटी देते की भाडेकरू, हे विचारून घ्या. विहीर असलेलं घर मिळालं तर दुधात साखर.

वीजबिल मालकाच्या नावावर असेल. मागची दोन बिलं मागा, थकबाकी आहे का ते कळतं. दोन घरांत एकच मीटर असेल तर वाटणी कशी ते लिहून घ्या, नंतर वाद तिथूनच सुरू होतात.

वाडीकर

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. निशिगंधताई, तुमची पोस्ट बायकोने वहीत उतरवून घेतली आहे.

आज एक प्रकार घडला. ऑनलाइन जाहिरातीत ताळगावचा फ्लॅट दिसला, १४,०००, फोटो सुंदर. फोनवरचा माणूस म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झालीय, चावी पाठवतो, आधी एक महिन्याचं भाडं यूपीआयने भरा. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मी भरणार होतो. बायकोने हात धरला. पत्त्यावर जाऊन चौकशी केली तर त्या नंबरचा फ्लॅटच तिथे नाही. नव्याने शोधणाऱ्यांनी कृपया लक्षात ठेवा, घराच्या दारात उभं राहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

ताळगावकार

वाडीकरबाब, तुमचा शोध वाचून माझ्या भावाची आठवण झाली, म्हणून लिहिते.

आम्ही मूळचे ताळगावचे. आजोबांच्या घरात तीन कुटुंबं, जागा पुरत नाही. गेल्या मे महिन्यात भावाचं लग्न ठरलं आणि तो भाड्याने दोन खोल्या शोधू लागला, आपल्याच गावात. ज्या भाटांत (बागायतीत) तो लहानपणी काजू गोळा करायचा तिथे आता इमारती आहेत आणि संध्याकाळी बघावं तर अर्ध्या खिडक्या काळोखात. मालक दिल्लीला, मुंबईला. वर्षातून दहा दिवस येतात. उरलेल्या दिवसांत एजंट पाहुण्यांना देतो. भावाने विचारलं तर एजंट म्हणाला, लोकल नको, लोकल घर सोडत नाही.

आपल्या गावात आपल्याला "लोकल नको" म्हणून सांगतात, हे ऐकून आई रडली. तो आता लग्न होऊनही आमच्या हॉलमध्ये पडदा लावून राहतो. बाहेरून येणाऱ्या तुमच्यासारख्या कष्टकरी माणसांवर माझा राग नाही. तुम्ही आणि माझा भाऊ एकाच रांगेत उभे आहात. राग आहे तो रिकाम्या घरांवर.

चिरेबंदी

ताळगावकारताई, मी त्या रिकाम्या घरांपैकी एकाचा मालक आहे. रायबंदरला वडिलोपार्जित घर, चिऱ्याचं, मागे पोरसू (परसबाग). मी नोकरीनिमित्त फोंड्याला स्थायिक झालो. घर सात वर्षं बंद आहे. दर महिन्याला जाऊन दारं उघडतो, दिवा लावतो, परत कुलूप. का बंद ठेवलंय ते सांगतो.

वडिलांनी घराचा मागचा भाग एका कुटुंबाला राहायला दिला होता, तोंडी. गोव्यात १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा आहे आणि १९७५ चा मुंडकार कायदा आहे (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा). दोन्ही कायदे योग्य कारणासाठी झाले. भाटकाराच्या मनात आलं की गरिबाला रातोरात बाहेर काढायचे ते दिवस माझ्या आजीने पाहिले होते, आणि कायदा आला तेव्हा तिलाच आनंद झाला होता. पण आमच्याकडे कागद नव्हता, आणि ते कुटुंब नेमकं कोण, भाडेकरू, मुंडकार की नुसते ओळखीचे, हे ठरवण्यात १६ वर्षं गेली. वडील निकालाआधीच गेले. तेव्हापासून आई म्हणते, पडूदे घर, पण कोणाला देऊ नको.

मी ते योग्य म्हणत नाही. भीती खरी आहे एवढंच सांगतो. बंद घर मरतं हेही मला दिसतंय. वाळवी लागली, दोन वासे गेले. चुलीत धूर नसला की कौलारू घर आतून कुजतं. कागद नीट असला तर आईला समजावता येईल का, हा विचार हा धागा वाचताना पहिल्यांदा आला.

फोंडेकार

चिरेबंदी, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी वकिलाच्या कार्यालयात काम करतो, मला माहीत आहे तेवढं लिहितो. वाडीकरांनाही उपयोगी पडेल.

आजकाल बहुतेक जण अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात. अकराच का, तर एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. अशा करारात मालक "राहायची परवानगी" देतो, ताबा त्याचाच राहतो. तोंडी व्यवहार मात्र दोघांनीही करू नये. वाडीकर, मधल्या काळात मालकाने काढू नये म्हणून लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी करार न मोडण्याची अट) दोन्ही बाजूंना लागू आहे हे स्पष्ट लिहून घ्या. बहुतेक छापील मसुद्यांत ते फक्त भाडेकरूवर असतं. "ऑक्टोबर ते मार्च या काळातही परवाना अबाधित राहील" हे एक वाक्य घाला. ज्याला सीझनला घर हवं असेल तो त्या वाक्याला अडखळेल आणि तुम्हाला आधीच कळेल.

सही कोणाची? गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून दोघांची सही घ्या. वडिलोपार्जित घर असेल तर वाटेकरी किती, त्यांची संमती आहे का, हे विचारा. एका भावाने दिलेलं घर दुसऱ्या भावाने गणपतीत येऊन मागितलं, असं प्रकरण आमच्याकडे आलं होतं. भाडेकरूचा काही दोष नव्हता, पण चवथीच्या आदल्या दिवशी सामान रस्त्यावर.

मालक परदेशी असेल, आणि गोव्यात तसे पुष्कळ, तर करार मुखत्यारपत्र असलेल्या माणसाबरोबर होतो. मुखत्यारपत्र डोळ्यांनी बघा, प्रत ठेवा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, त्यातून टीडीएस (आयकर) कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते. सीएला विचारूनच पुढे जा. एचआरएची (घरभाडे भत्त्यावरची) करसूट घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅनही लागेल.

पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती देणारा फॉर्म मालकाने भरायचा असतो. "राहूदे हो" म्हणाला तरी आग्रह धरा.

आबोली

फोंडेकारांनी कागदाचं सांगितलं, मी माणसांचं सांगते. रिकाम्या घराची बातमी एजंटच्या आधी पोसऱ्यावर (वाड्यातल्या छोट्या दुकानावर) पोचते. आमच्याकडे सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर अख्ख्या वाड्यात कोण आलं, कोण गेलं हे जाणतो. एका रविवारी एजंट सोडा, सकाळी सातला मेरशी-रायबंदरच्या एखाद्या दुकानापाशी उभे राहा, मुलीला बरोबर आणा, आणि सांगा की कुटुंब आहे, कायमचं राहायचंय. गोमन्तक, नवप्रभातल्या छोट्या जाहिरातीही चाळा. म्हातारे मालक अजून तिथेच देतात.

निशिगंध

आबोलीताईंना अनुमोदन. माझी आताची जागा देवळाच्या पुजाऱ्यांनी सांगितली होती.

वाडीकर

मंडळी, घर मिळालं!

तीन आठवडे गप्प होतो, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मग आबोलीताईंचं ऐकून गेल्या रविवारी आदल्या रात्रीच पणजीला येऊन राहिलो आणि पहाटे रायबंदरला गेलो, मुलगी आणि बायको बरोबर. मिठागरांवरून कॉजवेने जाताना उजाडत होतं. चर्चच्या खालच्या अंगाला एक पोसरो आहे. दुकानदारकाकांनी आधी गाव विचारलं, सावंतवाडी म्हटल्यावर बायकोचं माहेर विचारलं. मग मुलीला एक पेपरमिंट दिली आणि म्हणाले, "थोडं थांबा." पंधरा मिनिटांनी एक आजी आल्या, हातात चाव्यांचा जुडगा.

तळमजल्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विहीर. आजी वर राहतात, मुलगा-सून लिस्बनला. भाडं १६,०००, डिपॉझिट दोन महिन्यांचं. मी वहीतलं एकेक बघत गेलो. कपाटाचे कोपरे स्वच्छ. नैऋत्येच्या भिंतीबाहेर पत्रा आहे. न्हाणीघराचं दार फुगलेलं होतं, ते आजींनी स्वतःच दाखवलं, सुताराला सांगितलंय म्हणाल्या. शेजारच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पाणी घरात येत नाही, पण रस्त्यावर दोन-चार वेळा साचतं, तेव्हा मुलीला उचलून न्यावं लागेल. चालेल.

ऑक्टोबर ते मार्चचं वाक्य मी घाबरत घाबरत मांडलं. आजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मला डिसेंबरातच माणूस हवं. तेव्हा सगळी घरं पाहुण्यांनी भरतात आणि रात्री मी बोलायला कोणाला हाक मारू?" घर त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे, त्यांना ते माहेरून मिळालं. फोंडेकार, तरी कागदपत्रांच्या प्रती घेतल्या आणि पोलिसांचा फॉर्म उद्या भरतोय. आई अजून आली नाही, पण फोनवर विहिरीचं सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, रहाट आहे की पंप? दोन्ही आहेत.

मुलीसाठी जवळच्या मराठी प्राथमिक शाळेत जाऊन बोललो, दाखले मागितलेत.

ताळगावकार

देव बरें करूं! वाचून डोळे भरले. आजींना आमचा नमस्कार सांगा.

चिरेबंदी

अभिनंदन वाडीकर. तो पोसरो मला माहीत आहे, लहानपणी तिथून काडेपेट्या आणायचो. आमचं घर तिथून चालत सात-आठ मिनिटांवर.

काल आईला फोंडेकारांची पोस्ट वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. आज सकाळी विचारत होती, शाकारणीला माणूस मिळेल का अजून? मी चौकशी करतोय. दोन वासे बदलायचे आहेत, आठवडा जाईल. फोंडेकार, तुम्हाला स्वतंत्र संदेश पाठवलाय, मसुदा करून द्याल का?

फोंडेकार

देतो. संदेश मिळाला. घराच्या उताऱ्याची प्रत आणि भावंडांची नावं पाठवा.

वाडीकर

चिरेबंदीकाका, कौलं परतणारे दोघे जण आजींच्या ओळखीचे आहेत, चोडणहून फेरीने येतात. गुरुवारी इथलं काम संपवतील. तुमचा पत्ता संदेशात पाठवा, त्यांना तिकडे घेऊन येतो.

ताळगावकारताई, भावाला आणि वहिनींना या रविवारी रायबंदरला यायला जमेल का? काकांचं घर तयार होईपर्यंत वेळ आहे, पण आजींच्या शेजारच्या बाईंच्या वरच्या दोन खोल्या पंधरा तारखेला रिकाम्या होताहेत. एजंटला अजून कळवलेलं नाही. मी त्यांना सांगून ठेवलंय की ताळगावचं जोडपं येईल. गच्चीवर पत्र्याचं छप्पर आहे, मी चढून बघितलं. सकाळी साडेसातला पोसऱ्यापाशी या, मी तिथे थांबतो.